पाठमोरी खुर्ची

लॅबकाकांच्या गॅलरीत दोन खुर्च्या होत्या आणि दोन्ही एकमेकींकडे पाठ करून ठेवलेल्या असत. एकीवर ते स्वतः बसत, तोंड रस्त्याकडे, म्हणजे कागदावर उजेड यावा. दुसरीवर रिपोर्ट घेऊन आलेला माणूस बसे, तोंड भिंतीकडे. भिंतीवर मुंबईच्या कुठल्याशा केमिस्टचं कॅलेंडर होतं आणि त्यावरचा महिना कित्येक वर्षांत बदललेला नव्हता. आलेल्याने त्या महिन्याकडे बघत बसायचं, रिपोर्ट खांद्यावरून मागे द्यायचा आणि गप्प राहायचं.

"काय होतंय ते मला सांगायचं नाही," ते म्हणत. "तोंड बघितलं की दया येते. दया आली की आकडा हलतो."

येरुहाम हे नेगेवच्या वाळवंटातलं लहानसं गाव. दोन-तीन कारखाने, चारमजली सरकारी इमारती आणि बीरशेबाला, म्हणजे जवळच्या मोठ्या शहराला, जाणारी बस. मुंबई, ठाणे, कोकण इथून आलेली आमची बेने इस्राएल, म्हणजे मराठी बोलणाऱ्या ज्यूंची, कुटुंबं तिथे बरीच होती. आम्ही ठाण्याहून आलो तेव्हा मी अकरा वर्षांची होते, त्यामुळे मला मराठी लिहिता-वाचता येतं. माझ्यानंतर तिथे जन्मलेली मुलं मराठीत विचारलेल्या प्रश्नाला हिब्रूत उत्तर देत आणि आपण फार मोठी कृपा केली असा चेहरा करत.

लॅबकाका मुंबईच्या एका मोठ्या इस्पितळाच्या लॅबोरेटरीत तीस वर्षं होते. बाई गरोदर आहे की नाही हे बेडकाला विचारण्याच्या काळापासून ते त्या धंद्यात. बाईची लघवी नर बेडकाला टोचायची आणि बेडकाने काय निकाल दिला ते सूक्ष्मदर्शकातून बघायचं. "तो बेडूक त्या बाईला कधी भेटला होता काय?" ते विचारत. "नाही. म्हणून त्याचा रिपोर्ट करेक्ट." माणसाचं तोंड न बघण्याचं तत्त्वज्ञान त्यांनी त्या बेडकांपासून घेतलं असावं. इस्राएलमध्ये त्यांचा डिप्लोमा कुणी मानला नाही. त्यांना कारखान्यात पॅकिंगला लावलं. निवृत्त होईपर्यंत त्यांनी खोक्यांना चिकटपट्ट्या लावल्या, पण त्या इतक्या सरळ लावल्या की मुकादम नव्या कामगारांना त्या दाखवायला आणत असे.

निवृत्तीनंतर त्यांचं खरं आयुष्य सुरू झालं. इथे आरोग्य-फंडाचा दवाखाना असतो, त्याला सगळे कुपा म्हणतात. कुपात रक्त दिलं की आठवड्याने छापील कागद मिळतो. तपासणीचं नाव इंग्रजीत, बाकी सगळं हिब्रूत आणि जो आकडा हद्दीबाहेर असेल त्याच्यापुढे एक चांदणी छापलेली. फारच बाहेर असेल तर दोन चांदण्या. कुपाचा डॉक्टर तो कागद चार मिनिटांत बघे, कारण बाहेर वीस माणसं असत. मग आमची माणसं तोच कागद घेऊन संध्याकाळी चार ते सहा लॅबकाकांच्या जिन्यावर रांग लावत.

चांदण्यांची गावात केवढी प्रतिष्ठा होती! शनिवारी प्रार्थना संपल्यावर मशिदीच्या, म्हणजे आमच्या प्रार्थनालयाच्या, अंगणात (जुनी माणसं त्याला मशीदच म्हणत) चणे खाता खाता हिशेब चाले. "मला चार आल्या." "माझ्या साखरेला डबल आहे." एका धडधाकट बाईला एकही चांदणी मिळाली नाही, तर ती महिनाभर रुसून होती आणि तिने कुपाच्या मशीनवर संशय घेतला.

न बोलण्याच्या नियमामुळे एकदा मोठी गंमत झाली. आमचे हझान, म्हणजे प्रार्थना म्हणणारे गृहस्थ, सत्तरीचे, पांढरी दाढी. त्यांनी घाईत आपल्याऐवजी सुनेचा रिपोर्ट उचलून आणला. नियमाप्रमाणे भिंतीकडे तोंड करून बसले आणि कागद मागे दिला. लॅबकाकांनी भिंग लावून वाचला आणि जाहीर केलं, "काँग्रॅच्युलेशन्स. तिसरा महिना. लोह घ्या." हझान थोडा वेळ कॅलेंडरकडे बघत राहिले, मग "बेसेदेर," म्हणजे ठीक आहे, असं म्हणून उठले आणि घरी जाऊन झोपले. गोळ्या त्यांनी दोन दिवस घेतल्या म्हणतात. लॅबकाकांना कुणीतरी हे सांगितलं तेव्हा ते जराही खजील झाले नाहीत. "रिपोर्ट राइट होता," ते म्हणाले. "माणूस राँग होता."

स्वतःचं रक्त मात्र त्यांनी कधी दिलं नाही. आपला रिपोर्ट आपण वाचायचा नसतो, आणि दुसऱ्याला वाचता येत नाही. त्यांच्या मते विषय तिथेच संपत होता.

त्यांच्या घरी दुसरी एक गोष्ट मिळायची, ती म्हणजे भुकटी.

दोन देशांमध्ये दूतावास उघडले आणि मुंबईला जाणं सोपं झालं, तेव्हापासून आमच्या गावात याद्यांची पद्धत पडली. कुणी मुंबईला निघालं की सगळं गाव त्याला याद्या देई. गोडा मसाला, कोकम, सुके बोंबील, काचेच्या बांगड्या आणि पनवेलजवळच्या एका वैद्याची भुकटी. लॅबकाकांची बहीण पनवेलला राही, ती वैद्याकडून किलोवारी आणून ठेवायची. भुकटी दम्यावर चाले, गुडघ्यावर चाले, भूक लागत नसेल तर लागे आणि अंगात जीव नसेल तर जीव येई. डोंगरातली मुळी आहे, असं वैद्य सांगायचा. कुठला डोंगर, ते त्याने कधी सांगितलं नाही आणि आम्हीही विचारलं नाही.

इस्राएलमध्ये आल्यावर ती सगळी पिशवी लॅबकाकांकडे जाई, कारण तराजू त्यांच्याकडे होता. जॅमच्या रिकाम्या बरण्या ते तीन पाण्यांनी धुत, उन्हात उपड्या घालत, मग भुकटी गुंजभर इकडेतिकडे न होता भरत आणि आपल्या सुरेख अक्षरात वर चिठ्ठी लावत. नाव, वजन, 'सकाळी पाव चमचा, मधातून'. आत काय आहे हे कुणालाच ठाऊक नसलेला पदार्थ इतक्या काटेकोरपणे मोजलेला मी पुन्हा कधी बघितला नाही.

मी सैन्यातून सुटून आले आणि कारखान्यात लागले तेव्हा वाळवंटातल्या धुळीने मला दम लागायचा. आई बरणी घेऊन आली. आठ दिवसांत दम गेला. महिन्याभरात मी चार पोळ्या खायला लागले. वर्षभरात माझा चेहरा गोल गरगरीत झाला आणि आई मला मशिदीत पुढच्या बाकावर बसवायला लागली.

"पोरीने कसं अंग धरलंय बघा!" ती सांगत सुटायची. लग्नाची बोलणी सुरू झाली. दोन वर्षं मी रोज सकाळी पाव चमचा भुकटी खाल्ली.

मग लॅबकाकांची बहीण पनवेल सोडून मुलीकडे नागपूरला राहायला गेली आणि माल येणं थांबलं. लॅबकाका न्यायी माणूस. त्यांनी उरलेल्या भुकटीचं रेशनिंग केलं. आधी गुडघेवाले म्हातारे, मग दमेवाले म्हातारे, तरुणांना बंद. माझी बरणी एका सोमवारी संपली आणि पुन्हा भरली गेली नाही.

दोन-तीन आठवड्यांनी मला सकाळी उठवेना. उठवत नाही म्हणजे कंटाळा येतो असं नाही. पाय खाली सोडून बसलं की डोळ्यांपुढे अंधारी यायची, भिंत धरून उभं राहावं लागायचं. खाल्लेलं उलटायचं. गोल चेहरा महिन्या-दीड महिन्यात उतरला. कारखान्यातून दोनदा ताकीद आली, तिसऱ्या वेळी नोकरी जाणार हे ठरलेलं होतं. मी बावीस वर्षांची होते आणि मला रोज वाटत होतं की आपण मरणार आहोत. ते मी कुणाला सांगत नव्हते, कारण घरात सगळ्यांचं माझ्या आळसावर एकमत झालं होतं.

"काय गो, उठतेस का नाय?" आई दारातून ओरडायची. "आम्ही तुझ्या वयात बंबाला लाकडं फोडायचो."

शेवटी कुपात गेले. रक्त दिलं. डॉक्टरने कागद बघितला, थायरॉइडच्या तपासणीपुढे एक चांदणी होती. "थायरॉइड मंद आहे," तो म्हणाला. "ही गोळी रोज सकाळी, आयुष्यभर." चार मिनिटंही लागली नाहीत. आईचा जीव भांड्यात पडला. पोरगी आळशी नाही, आजारी आहे, आणि आजाराला गोळी आहे. फक्त गोळी सुरू करण्याआधी लॅबकाकांना विचारायचं, कारण त्यांना न विचारता आमच्या घरात कुणी ताप उतरवायची गोळीसुद्धा घेत नसे.

मी भिंतीकडे तोंड करून बसले. गोळ्यांचा डबा मांडीवर. मागे कागद फडफडला, मग बराच वेळ काही नाही. एरवी ते दोन वाक्यांत निकाल देत.

"डबा उघडलास?" त्यांनी विचारलं.

"नाही."

"उघडू नको. आईला सांग, लॅबकाकांनी मनाई केली. लिसन. हे टीएसएच, म्हणजे मेंदूने थायरॉइडला मारलेली हाक. हाक जराशी मोठी झालीय, म्हणून डॉक्टर म्हणतो थायरॉइड झोपलंय. पण त्याने वरचीच चांदणी बघितली. खाली सोडियमला एक चांदणी आहे, कमी असल्याची. ती एवढी लहान छापलीय की मीसुद्धा भिंगातून बघितली. साखर हद्दीत आहे, पण अगदी खालच्या दाराशी उभी आहे. हे एकट्या थायरॉइडचं काम नाही."

"मग कुणाचं?"

प्रश्न विचारणं नियमाविरुद्ध होतं, पण त्या दिवशी ते रागावले नाहीत.

"मूत्रपिंडांच्या डोक्यावर टोपीसारख्या दोन ग्रंथी असतात. अॅड्रिनल. त्यातून कॉर्टिसॉल येतं. अंगाचं रॉकेल समज. थायरॉइड म्हणजे स्टोव्हची वात. टाकीत रॉकेल नसताना वात मोठी केली तर काय होतं?"

"वात जळते."

"गुड. आधी टाकी बघायची. कॉर्टिसॉल, सकाळी आठ वाजता. ते पहाटे चढतं आणि दिवसभर उतरत जातं, म्हणून आठ म्हणजे आठ."

कुपाच्या डॉक्टरने कुरकुर करत चिठ्ठी लिहून दिली. लॅबकाका स्वतः माझ्याबरोबर आले. इस्तरी केलेला शर्ट, मनगटावर मुंबईहून आणलेलं चावीचं घड्याळ, रेडिओवरून लावलेलं. नर्स मोरोक्कोकडची, खमकी. तिने मला सात चाळीसला आत बोलावलं.

"लो!" लॅबकाका मध्ये उभे राहिले. "श्मोने!" नाही, आठ. त्यांचं बरंचसं हिब्रू एवढ्याच लांबीचं होतं.

"आजोबा, वीस मिनिटांत हिचं रक्त बदलणार आहे का?"

"बदलतं!"

मागची रांग दोन पक्षांत फुटली. आमची माणसं आठच्या बाजूने, बाकीची ताबडतोबच्या बाजूने. मी भिंतीला टेकून उभी, कुठल्याही क्षणी पडेन अशी, आणि माझ्याकडे बघायला दोन्ही पक्षांना वेळ नव्हता. आठ वाजले तेव्हा लॅबकाकांनी हात वर केला, नर्सने सुई टोचली आणि त्या दिवशीच्या रांगेत तेवढं एक रक्त सेकंदाला धरून निघालं.

रिपोर्ट आला. कॉर्टिसॉलपुढे दोन चांदण्या, खालच्या बाजूला. लॅबकाकांनी मागून माझ्या खांद्यावर हात ठेवला. त्यांनी कुणाला हात लावल्याचं मी तोवर ऐकलं नव्हतं.

"बीरशेबा," ते म्हणाले. "आज."

बीरशेबाची हॉर्मोनची डॉक्टर रशियाकडून आलेली होती. सगळे तिला दोक्तोरा म्हणत. पुढचा एक दात सोन्याचा आणि हिब्रू आमच्यासारखंच मोडकं. मी कागद पुढे केला. तिने तो घेतला आणि टेबलावर उलटा ठेवला. आधी मला बघितलं. तळहाताच्या रेषा काळवंडल्यात का, हिरड्यांवर डाग आहेत का, निजवून रक्तदाब, उभं करून रक्तदाब. उभी राहिले आणि तिने मला धरलं नसतं तर मी खाली गेले असते. मग नाव लिहायला तिने माझं ओळखपत्र मागितलं. त्यावरचा फोटो आदल्या वर्षीचा, पुढच्या बाकावर बसण्याच्या काळातला.

"ही कोण?" तिने विचारलं.

"मीच."

तिने फोटो माझ्या चेहऱ्याशेजारी धरला. एकदा इकडे, एकदा तिकडे.

"कुठली औषधं घेतेस?"

"काही नाही."

"गोळी? इंजेक्शन? मलम? दम्याचं काही?"

"काही नाही, दोक्तोरा."

मी खोटं बोलत नव्हते. आमच्या घरी औषध म्हणजे कुपातून येतं ते, हिब्रू छापलेल्या डब्यातलं. भुकटी स्वयंपाकघरात होती, गोडा मसाला आणि कोकमाच्या मधल्या फळीवर. ती मुंबईहून आलेली, आपल्या माणसाने मोजलेली. ती औषधात धरायचं माझ्या मनातच आलं नाही. तिने विचारलं असतं की मसाला कुठला खातेस, तर भुकटीसुद्धा सांगितली असती.

तिने एक इंजेक्शन देऊन तासाभरात तीनदा रक्त काढलं. मला दोन दिवस ठेवून घेतलं, मोजून गोळ्या सुरू केल्या आणि तिसऱ्या दिवशी मी भिंत न धरता न्हाणीघरापर्यंत चालत गेले. मला रडू आलं. मी मरणार नव्हते आणि मी आळशीही नव्हते.

"तुझ्या ग्रंथी आजारी नाहीत," दोक्तोरा म्हणाली. "त्यांना कुणीतरी झोपवलंय. दोन-तीन वर्षं बाहेरून कॉर्टिझोन, म्हणजे कॉर्टिसॉलच्याच जातीचं औषध, मिळालं, मग एकदम बंद झालं. कोण देत होतं, ते शोध."

घरी येऊन मी लॅबकाकांकडे गेले आणि भिंतीकडे तोंड करून हे सगळं सांगितलं. मला वाटलं, आकडे बरोबर ओळखल्याबद्दल ते खूश होतील. पण त्यांनी विचारलं, "भुकटी घेत होतीस तू?"

"तुम्हीच तर बरणी भरून दिली होती, काका."

ते उठून आत गेले. मी थोडा वेळ कॅलेंडरकडे बघत थांबले. आतून नळाचा आवाज येत होता, बराच वेळ. शेवटी मी आपली आपण घरी आले.

चार दिवस त्यांनी दार उघडलं नाही. पाचव्या दिवशी सकाळी बसथांब्यावर उभे, इस्तरीचा शर्ट, हातात रुमालात बांधलेली बरणी. मला म्हणाले, "चल, इंटरप्रिटर पाहिजे." मी काय इंटरप्रिटर होणार! दोक्तोराचं हिब्रू आणि काकांचं हिब्रू एकाच मापाचं निघालं. माझ्याशिवायच दोघांचं व्यवस्थित जमलं.

तिने बरणी फिरवून चिठ्ठी बघितली. "हे कुणी मोजलं?"

"मी."

"सुंदर मोजलंय," ती म्हणाली. तिला टोमणा मारायचा नव्हता. पण काकांचे कान लाल झाले. मग तिने त्यांच्या बाहीखालच्या मनगटाकडे बघितलं. तिथे कागदासारखी कातडी होती आणि निळे डाग होते. "आणि तुम्ही? तुम्ही घेता?"

"मी पेशंट नाही," काका म्हणाले आणि बाही खाली ओढली.

दोक्तोराने ओळखीच्या माणसाकडून भुकटी तपासून घेतली. डोंगरातली मुळी त्यात असेलही, पण तिच्याबरोबर कॉर्टिझोनच्या जातीचं औषध चांगलं सढळ हाताने कुटून घातलेलं होतं.

त्या शनिवारी प्रार्थना संपल्यावर लॅबकाका मशिदीत उभे राहिले. बाक धरून उभे होते. म्हणाले, "भुकटी मी वाटली. तीत विलायती औषध आहे, त्याने साखर चढते, हाडं ठिसूळ होतात, चेहरा सुजतो. तुमच्यापैकी जे जे घेतात, त्या सगळ्यांच्या साखरेच्या चांदण्या मी तीन वर्षं वाचल्या. तिघांची हाडं मोडली, त्यांचेही रिपोर्ट वाचले. सगळे आकडे पाठ आहेत मला. पण माणसं बघितली असती तर पहिल्याच वर्षी कळलं असतं, सगळ्यांचे चेहरे एकसारखे गोल झालेत. आता एकच ऐका. एकदम बंद करू नका. जिवावर बेतेल. डॉक्टरला सांगा, तो हळूहळू उतरवील."

मग जो गोंधळ झाला! मला वाटलं होतं लोक विष दिलं म्हणून चिडतील. ते चिडले भुकटी जाणार म्हणून.

"गुडघा वाकतो ना माझा?" हझान गरजले. "मग आत काय का असेना!"

"आपल्या पनवेलचा माल टाकायचा आणि रशियन बाईचं ऐकायचं?"

"हिला सोसली नाही म्हणून सगळ्यांची बंद?" हे माझ्याकडे बोट दाखवून.

माझी आई एकटी गप्प होती. घरी येऊन तिने फळीवरची रिकामी बरणी उचलली आणि ती कुठे ठेवायची ते न कळून बराच वेळ हातात धरून बसली.

पुढे काय झालं ते आमच्या लोकांसारखंच झालं. चारचौघांत सगळ्यांनी काकांना नावं ठेवली आणि एकेकटे, एकमेकांना चुकवून, कुपात जाऊन आले. हझान तर शेजारच्या गावच्या कुपात गेले. सगळे हळूहळू सुटले. लॅबकाकांच्या जिन्यावर मात्र पुन्हा कुणी पाऊल ठेवलं नाही. चार ते सहा ते गॅलरीत बसत, दुसरी खुर्ची रिकामी.

माझ्या गोळ्या कमी होत गेल्या. थायरॉइडची चांदणी आपोआप पुसली गेली. तो गोळ्यांचा डबा न उघडताच फेकून दिला. नोकरी टिकली. आणि तीन-चार शनिवारांनंतर एकदा माझं लक्ष गेलं. 'उभे राहा' म्हटल्यावर लॅबकाका सगळ्यांत शेवटी उठले. आधी पाय टेकले, थांबले, पुढच्या बाकाची कड पकडली, डोळे मिटले. शर्ट खांद्यावरून लोंबत होता.

"पश्चात्तापाचं नाटक," मागून कुणीतरी कुजबुजलं.

मला ती पकड माहीत होती. दोन महिने मी तशीच भिंत धरत होते. आणि एकदम मला तो नळाचा आवाज आठवला. त्यांनी त्याच संध्याकाळी घरातली सगळी भुकटी मोरीत ओतली होती, दोक्तोराला द्यायची एक बरणी ठेवून. स्वतःच्या वाटणीचीसुद्धा. सगळ्या गावाला एकदम बंद करू नका म्हणून सांगणारा माणूस स्वतः एकदम बंद करून बसला होता.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी त्यांच्या दारात उभी राहिले. "आठ म्हणजे आठ," मी म्हटलं. ते नको म्हणाले, मी पेशंट नाही म्हणाले, पण वाद घालण्याइतकी ताकद त्यांच्यात नव्हती. कुपात त्याच मोरोक्कोच्या नर्सने घड्याळाकडे बघून, न सांगता, बरोबर आठला सुई टोचली. चिठ्ठीवर तिने मोठ्या अक्षरात 'तातडीचं' असं लिहिलं. तो कागद मंगळवारीच आला.

मी गॅलरीत गेले तेव्हा ते दुसऱ्या खुर्चीवर बसले होते. आमच्या खुर्चीवर. तोंड भिंतीकडे, त्या न बदलणाऱ्या महिन्याकडे. कागद त्यांनी उघडलासुद्धा नव्हता. खांद्यावरून मागे दिला.

"वाच," ते म्हणाले. "चांगलं शिकलीयस तू. मी काही सांगणार नाही."

मी त्यांच्या जागी बसले, उजेडाकडे तोंड करून. टीएसएचला एक चांदणी. सोडियमला एक, बारीक छापलेली. कॉर्टिसॉलला दोन, खालच्या बाजूला. माझाच कागद होता तो, फक्त वय वेगळं.

मी उठले आणि त्यांची खुर्ची पाठीला धरून फिरवायला लागले. पाय फरशीवर कर्रकन घासले. लाकडी, जड खुर्ची, पण बसलेल्या माणसाचं वजनच राहिलं नव्हतं.

"काय करतेस? तोंड बघू नको. आकडा हलेल!"

"हलू दे."

त्यांच्या गॅलरीत सहा वर्षं येत होते, पण इतक्या जवळून तो चेहरा मी पहिल्यांदा बघितला. गाल बसलेले, ओठ सुकलेले आणि डोळे घाबरलेले. मला दया आली, चांगली पोटभर आली. मी त्यांच्यासमोर खाली फरशीवर बसले.

"किती आहे?" त्यांनी विचारलं.

"आकडा बसमध्ये सांगते. आधी तुम्ही सांगा काका, काय होतंय तुम्हाला?"

तीस वर्षं मुंबईत आणि पुढे येरुहाममध्ये त्यांनी हा प्रश्न कुणाला विचारला नव्हता, आणि बायको गेल्यापासून त्यांनाही कुणी विचारला नसावा. मग त्यांनी हळूच, चुकलं तर थांबता यावं अशा आवाजात सांगितलं, "सकाळी उठवत नाही गो."

मी त्यांना हाताला धरून उठवलं. येरुहामपासून बीरशेबापर्यंत लॅबकाका बोलत होते. अंधारी कधी येते, उलटी कधी होते, रात्री एकट्याला कशाची भीती वाटते, सगळं, आणि मी मध्ये एकही शब्द टाकला नाही.